कोणत्याही ब्राउझरात चालणारी वेबसाइट

ब्राउझर कुठला, फोन केवढ्याचा, नेट किती आणि बघणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं का, यातल्या कशावरही न अडता मजकूर पोचवणारी साधी वेबसाइट. डिझायनर मंडळी 'सिंपल साइट' नाहीतर 'ॲक्सेसिबल साइट' म्हणतात, सरकारी कागदात 'सुगम्य' असतं.

उगमाबद्दल दोन मतं आहेत. एक म्हणजे, १९९५-९६ च्या सुमारास नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर या दोन ब्राउझरांची चढाओढ लागली, एकाने मजकूर लुकलुकवणारा ब्लिंक टॅग (टॅग म्हणजे पानाच्या कोडमधली खूण) आणला तर दुसऱ्याने मजकूर सरकवणारा मार्की, आणि साइटच्या तळाशी 'अमुक ब्राउझरातच बघा' अशी बटणं दिसायला लागली, त्याला वैतागून 'कुठल्याही ब्राउझरात बघा' अशी उलटी बटणं लावायची मोहीम निघाली, तिथून ही कल्पना आली. दुसरं मत तिला वेबइतकीच जुनी मानतं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचा १९९० चा पहिला ब्राउझर फक्त नेक्स्ट कंपनीच्या कंप्युटरवर चालायचा, म्हणून सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत निकोला पेलो यांनी लाइन मोड ब्राउझर लिहिला, चित्रं नाहीत, माऊस नाही, लिंकला नंबर असायचा आणि तो टाइप करायचा, पण साध्या टर्मिनलवरही चालायचा. हेच मत जास्त पटतं, कारण न कळलेला टॅग सोडून द्यायचा आणि आतला मजकूर दाखवायचा ही एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेची रीत आधीपासूनचीच, मोहिमेने तिला आवाज दिला इतकंच. पुढे १९९९ मध्ये डब्ल्यूसीएजी हे सुगम्यतेचे नियम आले, २००३ मध्ये स्टीव्ह शँपियन यांनी 'प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट' हा शब्द रुळवला (आधी मजकूर, मग सजावट, मग जावास्क्रिप्ट), भारतात सरकारी साइटसाठी २००९ मध्ये जीआयजीडब्ल्यू ही नियमावली आली.

मराठीत मात्र ब्राउझरपेक्षा जास्त छळलं ते फॉन्टने. डीटीपीचे (कंप्युटरवर छपाईची पानं लावण्याचे) जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे, फॉन्ट नसलेल्या कंप्युटरवर साइट उघडली की नुसता इंग्रजी कचरा, आणि पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर प्रोग्रामही तोच कचरा वाचणार. प्रत्येक अक्षराला स्वतःचा कोड देणारं युनिकोड आल्यावर अक्षरं खरी झाली, तरी विंडोज एक्सपीवर कंट्रोल पॅनलमधून वेगळा सपोर्ट चालू करावा लागे (त्यात सीडी मागायचा), नाहीतर 'नाशिक' मधली वेलांटी श च्या उजवीकडे जाऊन बसायची. 'ॲ' ला स्वतंत्र कोड मिळाला तो २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये. 'सुऱ्या', 'दऱ्या' मधला र अजून काही ठिकाणी 'सुर्या' होतो, तो नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य असा टाइप करावा. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवली की चांगला फॉन्ट ल आणि श ची मराठी वळणं देतो, आणि स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) देवनागरीला देऊ नये, शिरोरेघ तुटते. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे 'नाशिक' १५ बाइट, तरी तेच नाव फोटोत टाकलं तर हजारो बाइट जातात, म्हणून मजकुराला घाबरायचं कारण नाही, वेब फॉन्ट (साइटसोबत डाउनलोड होणारा) मात्र जोडाक्षरांमुळे जड होतो, फोनमधलाच फॉन्ट वापरलेला बरा.

नाशिकमध्ये याची गरज उघड दिसते. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचं महाराष्ट्र युनिट सातपूरला आहे, १९८९ मध्ये सुरू झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ इथलंच, त्याचे विद्यार्थी गावोगावी. सुरगाणा-पेठच्या डोंगरात नेट धड नसतं. कुंभात तर कुठल्या राज्यातला, कुठल्या फोनवाला माणूस रामकुंडाची वाट शोधेल सांगता येत नाही, आणि घाटाची सूचना जेपीजीत (चित्राच्या फाइलीत) असली तर ती ना मोठी करता येते, ना भाषांतर होते, ना ऐकता येते.

लासलगावच्या कांद्याचे दर हे सोपं उदाहरण. किमान, कमाल, सर्वसाधारण असे तीन रकाने, खरं टेबल केलं आणि वरच्या ओळीतल्या रकान्यांच्या नावांना टेबल-हेडरचा (th) टॅग दिला तर स्क्रीन रीडर प्रत्येक आकड्याआधी रकान्याचं नाव बोलू शकतो, नुसत्या डिव्हमध्ये (काहीच अर्थ न सांगणाऱ्या चौकटींच्या टॅगमध्ये) आकडे मांडले तर तीन आकडे एकापाठोपाठ ऐकू येतात आणि त्यातला कमाल कुठला ते ऐकणाऱ्याने ओळखायचं.