कॉम्प्युटरवर आयईएलटीएस: फॉर्मपासून निकालापर्यंत
आमच्या सराववर्गात येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

आयईएलटीएस ही परदेशी शिक्षणासाठी किंवा स्थायिक होण्यासाठी द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा. कॉम्प्युटरवरच्या परीक्षेचं इंग्रजी वेगळं नसतं. प्रश्नांचं स्वरूप आणि बँड (म्हणजे गुणांची श्रेणी) काढण्याची पद्धत कागदावरच्या परीक्षेसारखीच आहे. तरी चांगलं इंग्रजी येणाऱ्यांचे गुण इथे जातात, आणि ते बरेचदा बोटांच्या सवयीमुळे जातात. मोबाईलवर लिहिताना स्पेलिंग फोनच सुधारतो, एकटा ‘आय’ आपोआप कॅपिटल होतो. परीक्षेच्या स्क्रीनवर यातलं काहीही होत नाही. म्हणून सराव मोबाईलवर किंवा वहीत नको, साध्या कीबोर्डवरच करा.

फॉर्म भरताना
परदेशी विद्यापीठासाठी बहुधा अ‍ॅकॅडमिक हा प्रकार लागतो, कॅनडा-ऑस्ट्रेलियात स्थायिक होण्यासाठी जनरल ट्रेनिंग. ब्रिटनच्या व्हिसासाठी काही वेळा ‘यूकेव्हीआय’ हा स्वतंत्र प्रकार निवडावा लागतो. पैसे भरण्याआधी कोणता प्रकार लागतो याची, जिथे निकाल द्यायचा त्या संस्थेकडून लेखी खात्री करून घ्या.

ओळखपत्र म्हणून मूळ पासपोर्टच हवा. आधार, पॅन किंवा झेरॉक्स चालत नाही. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर भरा. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव जोडलेलं असतं, ते फॉर्मवरून गाळू नका. लग्नानंतर आडनाव बदललं असेल पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल, तर फॉर्मही माहेरच्या नावानेच भरा. पासपोर्ट मुंढव्याच्या सेवा केंद्रात नूतनीकरणाला दिला असेल, तर नवा हातात आल्यावरच तारीख घ्या, कारण त्यावरचा नंबर बदललेला असतो.

ऐकणे: सुमारे ३० मिनिटं, ४० प्रश्न
ऑडिओ एकदाच वाजतो. कागदावर उत्तरं उतरवायला शेवटी १० मिनिटं मिळत. इथे तपासायला फक्त २ मिनिटं आहेत. म्हणजे ऐकता ऐकताच टाइप करायचं. कीबोर्डकडे बघून टाइप करणाऱ्याची नजर खाली गेली की पुढचा प्रश्न निसटतो, आणि एक निसटला की त्याच्या शोधात पुढचे दोन जातात. निसटलेला सोडून पुढच्या प्रश्नावर या. हेडफोनचा आवाज सुरुवातीच्या चाचणीतच जुळवून घ्या.

मराठी कानाला चकवणारी एक गोष्ट इथे आहे. नाव, पत्ता, पिनकोड अक्षरं सुटी उच्चारून सांगतात. आपला एक ‘व’ इंग्रजीतल्या ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोघांचंही काम करतो, त्यामुळे आडनाव ओळखीचं वाटलं की हात अंदाजाने चालतो. अंदाज नको, ऐकलेलं अक्षरच टाइप करा. ‘डबल एल’ म्हणजे एल दोनदा, आणि फोन नंबरमधला ‘ओ’ म्हणजे शून्य. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांत जोर कुठे पडतो तेही कान देऊन ऐका. स्पेलिंग चुकलं की गुण गेला. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंगं चालतात.

वाचणे: ६० मिनिटं, ४० प्रश्न
डावीकडे उतारा, उजवीकडे प्रश्न. दोन्ही बाजू वेगवेगळ्या सरकतात. मजकूर सिलेक्ट करून राईट क्लिक केलं की तो रंगवता येतो किंवा टीप लिहिता येते. ‘फक्त एक शब्द’ अशी सूचना असेल आणि तुम्ही दोन लिहिलेत, तर बरोबर उत्तरही चूक धरलं जातं. चुकीला उणे गुण नाहीत, म्हणून एकही चौकट रिकामी ठेवू नका. ४० पैकी साधारण ३० बरोबर आले की अ‍ॅकॅडमिकमध्ये ७ बँडच्या आसपास पोहोचता.

लिहिणे: ६० मिनिटं
पहिला भाग किमान १५० शब्द, दुसरा २५०. दुसऱ्याचं वजन दुप्पट आहे, म्हणून साधारण २० आणि ४० मिनिटं अशी विभागणी ठेवा. ही वेळ तुम्हालाच सांभाळायची असते, पहिल्या भागानंतर स्क्रीन थांबवत नाही.

टायपिंगचा हिशेब करून बघा. मिनिटाला १२ शब्दांच्या वेगाने ४०० शब्द टाइप करायलाच ३३ मिनिटं जातात; विचार, आराखडा आणि तपासणी उरलेल्या २७ मिनिटांत. वेग २५ झाला की टायपिंग १६ मिनिटांत आटोपतं. रोज २० मिनिटं इंग्रजी परिच्छेद बघून टाइप करा. बॅकस्पेसवर सारखं बोट जात असेल तर वेग कमी करा, आधी अचूकता येऊ द्या.

शब्दसंख्या स्क्रीनवर दिसते, वाक्य कापून दुसरीकडे चिकटवताही येतं. शेवटची ५ मिनिटं मात्र नवीन काही लिहू नका. स्वल्पविरामानंतरची जागा, वाक्याचं पहिलं अक्षर, आणि ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ तपासा. मराठीत ही उपपदं नाहीत, म्हणून सर्वांत जास्त हीच सुटतात.

बोलणे: ११ ते १४ मिनिटं
हे कॉम्प्युटरशी नाही, परीक्षकाशीच बोलायचं असतं. मधल्या भागात १ मिनिट तयारी, मग १ ते २ मिनिटं सलग बोलणं. पाठ केलेलं उत्तर परीक्षकाला लगेच कळतं.

परीक्षेच्या दिवशी
ऐकणे, वाचणे, लिहिणे सलग होतात, मध्ये सुट्टी नाही. घड्याळ आणि मोबाईल आत नेता येत नाहीत. उशिरा आलेल्याला प्रवेश मिळत नाही, तेव्हा अनंत चतुर्दशीच्या आसपासची तारीख टाळा: मध्य पुण्यातले रस्ते बंद असतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते.

निकालानंतर
निकाल काही दिवसांत येतो आणि सामान्यतः २ वर्षं ग्राह्य असतो. चारपैकी एकाच कौशल्यात बँड कमी पडला, तर परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत तेवढंच कौशल्य पुन्हा देता येतं. मात्र सगळ्या संस्था हा निकाल स्वीकारत नाहीत, म्हणून ती फी भरण्याआधी आपल्या विद्यापीठाला ईमेल करून विचारा.