दवाखाना आणि आरोग्य विभाग: एकाचा रुग्ण माणूस, दुसऱ्याचा अख्खी वस्ती

आरोग्य विभागातून फोन आला की बहुतेकांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "मला काय झालंय?" पलीकडून उत्तर येतं, "तुम्हाला काही झालेलं नाही. मंगळवारी सकाळी तुम्ही कुठे होतात, एवढंच विचारायचं होतं." मग गोंधळ आणखी वाढतो. काही झालेलं नाही तर फोन कशाला? आणि औषध सांगायचं सोडून हे लोक मंगळवारची चौकशी का करताहेत?

गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्हीकडे डॉक्टर, दोन्हीकडे नर्स, दोन्हीकडे इंजेक्शन. स्थानिक आरोग्य विभाग बऱ्याचदा स्वतःचे दवाखानेही चालवतो. तिथे लस मिळते, क्षयाच्या गोळ्या मिळतात, गरोदर बायकांची तपासणी होते. त्यामुळे 'आरोग्य विभाग म्हणजे सरकारी दवाखाना' हे समीकरण डोक्यात पक्कं बसतं. खरं तर दवाखाना हे त्या विभागाच्या अनेक कामांपैकी एक काम आहे. डॉक्टरांचा रुग्ण म्हणजे समोर बसलेला माणूस. आरोग्य विभागाचा रुग्ण म्हणजे अख्खी वस्ती, आजारी-निरोगी सगळे धरून. एवढा एक फरक लक्षात आला की त्या फोनचा, त्या चौकशीचा आणि विभागाच्या सूचनांचा अर्थ लागायला लागतो.

डॉक्टरांकडे रुग्ण स्वतः येतो आणि कुठे दुखतंय ते सांगतो. वस्ती असं काही सांगत नाही. तिची नाडी बघायची तर जन्म-मृत्यूच्या नोंदी, प्रयोगशाळांचे अहवाल, शाळेतली अचानक वाढलेली गैरहजेरी, सांडपाण्याचे नमुने असं सगळं चाळत बसावं लागतं. सांडपाण्याचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात, पण पोलिओचंच बघा. पोलिओच्या विषाणूची लागण झालेल्या साधारण २०० जणांपैकी एकाला कायमचा लुळेपणा येतो. दवाखान्यात पोचतो तो हा एक. बाकीच्यांपैकी बहुतेकांना आपल्याला लागण झालीये हेच कळत नाही, आणि तरीही त्यांच्यापासून विषाणू पसरत राहतो. त्यांचा माग गटारातच लागतो.

ही दोन्ही कामं किती वेगळी आहेत ते मला सगळ्यात स्पष्ट दिसतं एकाच माणसाच्या आयुष्यात. लंडनचे डॉक्टर जॉन स्नो. १८५३ च्या एप्रिलमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म द्यायला त्यांना बोलावलं होतं. रुमालावर थोडं थोडं क्लोरोफॉर्म टाकत, राणीचा श्वास बघत, ते ५३ मिनिटं तिच्याजवळ होते. एक डॉक्टर, एक रुग्ण. पुढच्याच वर्षी ऑगस्ट संपता संपता सोहो भागात कॉलरा, म्हणजे पटकी, उसळली. तेव्हा स्नो घरोघर फिरून वेगळंच विचारत होते: तुमच्याकडे जो दगावला, तो पाणी कुठलं प्यायचा?

उत्तरं ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाकडे बोट दाखवत होती. पण स्नो नुसते मृत्यू मोजून थांबले नाहीत. जे वाचले ते का वाचले, हेही त्यांनी शोधलं. पंपाजवळच एक अनाथ-निराधारांचं आश्रयस्थान होतं. तिथल्या ५३५ जणांपैकी कॉलऱ्यानं दगावले फक्त ५, कारण त्यांच्या आवारात त्यांची स्वतःची विहीर होती. शेजारच्या बिअरच्या कारखान्यातले ७० कामगार जवळजवळ सगळे धडधाकट राहिले. ते रस्त्यावरच्या पंपाकडे फिरकतच नसत. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई कॉलऱ्यानं गेली. त्या पंपाचं पाणी तिला आवडायचं, म्हणून ती ते मुद्दाम तिथून मागवून घ्यायची. हे सगळं स्नो यांनी स्थानिक मंडळापुढे मांडलं आणि ८ सप्टेंबर १८५४ ला पंपाचा दांडा काढला गेला.

या गोष्टीत एका गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होतं. दांडा काढला तेव्हा साथ आधीच उतरू लागली होती, कारण माणसं घरं सोडून पळाली होती. स्नो यांनी स्वतःच हे प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. शिवाय कॉलऱ्याचा जंतू वैद्यकाच्या जगाला मान्य व्हायला अजून तीस वर्षं जायची होती. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी तो दाखवून दिला १८८३-८४ मध्ये. म्हणजे जंतू सापडलेला नाही, रोग होतो कसा यावर एकमत नाही, आणि तरीही दांडा काढण्याचा निर्णय झाला. माझ्या मते आरोग्य विभागाचं सगळ्यात अवघड काम हेच आहे: पुरेशी माहिती हाती आली की पूर्ण खात्रीची वाट न बघता पाऊल टाकायचं.

लोकांना माहिती देण्याच्या दोघांच्या रीती इथेच वेगळ्या होतात. डॉक्टर म्हणतात, "रिपोर्ट येऊ दे, मग बोलू." बऱ्याचदा ते योग्यच असतं. आरोग्य विभागाला मात्र तेवढी सवड नसते.

पाण्याचा नमुना घेताना कधी जवळून बघितलंय का? आधी नळाचं तोंड साफ करून निर्जंतुक करतात, मग पाणी थोडा वेळ वाहू देतात. बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक होऊन आलेली असते आणि तिच्यात चिमूटभर रसायन आधीच असतं, सोडियम थायोसल्फेट. ते धुऊन टाकायचं नसतं. पाण्यातल्या क्लोरीनला ते तिथल्या तिथे थोपवतं, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीन जंतू मारत राहील आणि घाण पाणी कागदावर स्वच्छ ठरेल. झाकण हातात धरायचं, खाली ठेवायचं नाही, आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही. बाटली थंड पेटीत जाते. तिकडे १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय नावाचा जंतू, म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण, एकही सापडता कामा नये, अशी कसोटी असते. आणि निकालाला साधारण दिवसभर लागतो, कारण जंतू वाढून डोळ्यांना दिसावे लागतात.

म्हणजे नमुना आज सकाळचा आणि निकाल उद्याचा. तेवढ्यात लोक ते पाणी पिऊन मोकळे. म्हणून जलवाहिनी फुटली, क्लोरीन अचानक उतरलं, असं काही दिसलं की निकालाआधीच 'पाणी उकळून प्या' अशी सूचना निघते. दोन दिवसांनी नमुने चांगले येतात, सूचना मागे घेतली जाते आणि लोक म्हणतात, "उगाच घाबरवलं." हे ऐकलं की मला वाईट वाटतं. सूचना मागे घेतली याचा अर्थ ती खोटी होती असा होत नाही. ज्या दिवशी दिली त्या दिवशी हातात जेवढं होतं, त्यावरून ती बरोबरच होती.

याच सूचनांमध्ये आणखी एक गल्लत होते आणि ती महागात पडू शकते. 'पाणी उकळून प्या' आणि 'पाणी पिऊ नका' या दोन सूचना अगदी वेगळ्या आहेत. पहिली जंतूंसाठी असते. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवलं की पुरतं, समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं. दुसरी असते ती पाण्यात शिसं, नायट्रेट, एखादं रसायन मिसळल्यावर. तिथे उकळून काहीच साधत नाही. पाण्याची वाफ होते, शिसं भांड्यातच राहतं आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण उलट वाढतं. तेव्हा सूचनेतलं क्रियापद नीट वाचा.

विभागाचा सल्ला सगळ्यांसाठी असतो, त्यामुळे तो तुमच्या मापाचा शिवलेला नसतो. त्याला तुमची मूत्रपिंडं, तुमची ॲलर्जी, तुमच्या चालू असलेल्या गोळ्या माहीत नसतात. सामान्य सूचना विभागाची, आणि ती आपल्याला लागू पडते का हे विचारायचं डॉक्टरांना, अशी ही वाटणी आहे. आरोग्य विभाग सगळ्यांना लस घ्या म्हणतो आणि कर्करोगाच्या उपचारावर असलेल्या बाईंना त्यांचे डॉक्टर 'ही लस तुम्हाला नको' म्हणतात, तेव्हा दोघं एकमेकांना खोटं पाडत नसतात. उलट ज्यांना लस घेताच येत नाही, त्यांच्यासाठीच बाकीच्यांनी ती घेण्याला जास्त महत्त्व येतं.

आता अवघड भाग. डॉक्टर तुमच्या संमतीशिवाय सहसा काही करत नाहीत. आरोग्य विभागाच्या हातात मात्र कायदा असतो. तो विहीर बंद करू शकतो, उपाहारगृहाला टाळं लावू शकतो आणि क्वचित माणसालाही अडवू शकतो. न्यूयॉर्कमधल्या मेरी मॅलनची गोष्ट यासाठी आठवते. ती स्वयंपाकीण होती. तिला स्वतःला काहीच त्रास नव्हता, पण तिच्या शरीरात टायफॉइडचे जंतू होते आणि ती ज्या घरांत स्वयंपाक करायची तिथे टायफॉइड निघायचा. १९०७ मध्ये तिला पकडून एका बेटावर ठेवलं. स्वयंपाकाचं काम करणार नाही या अटीवर १९१० मध्ये सोडलं. १९१५ मध्ये ती खोट्या नावानं एका प्रसूती रुग्णालयात स्वयंपाक करताना सापडली. तिथे २५ जणांना टायफॉइड झाला होता, त्यातले दोघं दगावले. तिला पुन्हा बेटावर नेलं आणि १९३८ मध्ये तिथेच तिचा अंत झाला.

शास्त्र विभागाच्या बाजूनं होतं, यात शंका नाही. पण लक्षणं नसलेला माणूस रोग पसरवू शकतो, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. आपण धडधाकट असताना आपल्यामुळे कोणी मरतंय, हे त्या बाईला शेवटपर्यंत पटलं नाही. स्वयंपाकाऐवजी मिळालं ते कमी पगाराचं धोबिणीचं काम. त्याच शहरात असे निरोगी वाहक पुढे शेकड्यांनी सापडले, त्यांना असं आयुष्यभर डांबलं नाही. ज्या माणसाला आपण अडवतोय त्याला समजेल असं सांगणं आणि त्याच्या पोटापाण्याची सोय बघणं हाही आरोग्य विभागाच्या कामाचाच भाग आहे, आणि तिथे तो विभाग कमी पडला, असं मला मनापासून वाटतं.

याच्याशीच जोडलेले दोन शब्द म्हणजे आयसोलेशन आणि क्वारंटीन. मराठीत विलगीकरण आणि अलगीकरण हे शब्द इतके उलटसुलट वापरले गेलेत की इथे मी इंग्रजी शब्दच ठेवतो. आजारी असलेल्याला वेगळं ठेवणं म्हणजे आयसोलेशन. आजार्‍याच्या संपर्कात आलेला, पण सध्या ठणठणीत असलेला माणूस काही दिवस घरी थांबतो, ते क्वारंटीन. पहिल्याला आपण आजारी आहोत हे माहीत असतं. दुसऱ्याला काहीच होत नसतं, म्हणून त्याला समजावणं फार कठीण.

गोवर घ्या. मूल तापानं फणफणलंय, डोळे लाल झालेत, अंगावर पुरळ उठलंय. डॉक्टर त्याला तपासतात, गोवराचा संशय येतो, ताप उतरायचं औषध आणि 'अ' जीवनसत्त्व देतात, मुलाला घरीच ठेवायला सांगतात. आणि आणखी एक गोष्ट करतात, ती आईवडिलांच्या सहसा लक्षातही येत नाही: आरोग्य विभागाला कळवतात. काही रोग कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक असतं. इंग्लंडात तसा कायदा १८८९ मध्येच झाला होता. ही चिठ्ठी गेली की तपासणीच्या खोलीतली गोष्ट वस्तीची होते. हे कळवणं राहून गेलं तर आरोग्य विभाग आंधळा.

विभागातला माणूस मग दिवस मोजायला लागतो. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून ते उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत गोवर दुसऱ्याला लागू शकतो. म्हणजे मूल आजारी दिसायच्या आधीच शाळेत, बसमध्ये, डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर रोग सांडून आलेलं असतं. आजारी माणूस खोलीतून निघून गेल्यावरही तिथल्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत तग धरतो. कोणाचंही संरक्षण नसलेल्या वस्तीत एक गोवराचा रुग्ण १२ ते १८ जणांना रोग देतो, म्हणून तर ९५ टक्के लसीकरणाचा आग्रह असतो. संपर्कात आलेल्याला ७२ तासांच्या आत लस मिळाली तर रोग टळू शकतो किंवा सौम्य होऊ शकतो. ते फोन इतक्या घाईनं का येतात, ते यावरून कळेल. त्यात त्या मुलाचं नाव सांगत नाहीत, सांगायचंही नसतं. सांगतात ती जागा, वार आणि वेळ: मंगळवारी सकाळी साडेदहा ते एक, या बाकावर तुम्ही होतात का?

असाल, आणि लस घेतलेली नसेल, आजार होऊनही गेला नसेल, तर तुम्हाला २१ दिवस घरी थांबायला सांगतात. ताप आला तर थेट दवाखान्यात जाऊ नका, आधी फोन करा, असंही सांगतात, नाहीतर त्या बाकावर पुन्हा तेच. मग रोज कोणीतरी विचारत राहतं: ताप? खोकला? पुरळ? तुम्ही रोज नाही म्हणता. थोडे वैतागताही. बाविसाव्या दिवशी तुम्ही बाहेर पडता. तुमच्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये या तीन आठवड्यांची एकही नोंद नसते. आरोग्य विभागाच्या यादीत तुमच्या नावापुढे एक लहानशी खूण होते आणि यादी सांभाळणारी नर्स खालच्या नावाचा नंबर लावते.