छोट्या मेंदूतली गाठ: ऑपरेशनआधी आणि नंतर

पस्तिशीतला गडी. माड सराईतपणे चढणारा. अलीकडे त्याला सपाट अंगणातही तोल सावरावा लागतो. सकाळी उठताच डोकं ठणकतं, उलटी झाली की जरा हलकं वाटतं. आपल्याकडे निदान तयार असतं: पित्त. कोकमाचं सरबत, गोळ्या, यात महिना जातो. बहुतेकदा पित्तच असतं म्हणा. पण टाचेला अंगठा भिडवत सरळ रेषेत दहा पावलं टाकता येत नसतील, तर एमआरआय हवाच.

त्यात छोट्या मेंदूत, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या भागात, पाण्याची पिशवी आणि तिच्या भिंतीला चिकटलेला, काँट्रास्ट (शिरेतून दिलेलं औषध) दिल्यावर उजळणारा वाटाण्याएवढा गोळा दिसला, तर तो हिमँजिओब्लास्टोमा असू शकतो. ही गाठ कॅन्सरची नसते. त्रास होतो तो मुख्यतः पिशवीने, कारण ती गाठीपेक्षा झपाट्याने वाढते आणि मेंदूतल्या पाण्याची वाट अडवते. नुसतं पाणी काढलं तर पिशवी पुन्हा भरते. गोळाच काढावा लागतो, तोही रक्तवाहिन्या आधी बंद करून शक्यतो अखंड. कापत गेलं तर रक्तस्राव आवरत नाही. पिशवीची भिंत मात्र सहसा तशीच ठेवतात.

अशा साधारण चार रुग्णांपैकी एकाच्या मागे व्हॉन हिपेल-लिंडाऊ हा आजार असतो, म्हणजे तिसऱ्या गुणसूत्रावरच्या व्हीएचएल जनुकातला बिघाड. सुमारे 36,000 जन्मांमागे एक. या जनुकाचं प्रथिन एचआयएफ नावाच्या रेणूची वेळच्या वेळी विल्हेवाट लावतं. ते बिघडलं की भरपूर ऑक्सिजन असतानाही पेशी गुदमरल्यासारख्या वागतात आणि नव्या रक्तवाहिन्यांची मागणी करत राहतात. पेशींची ही ऑक्सिजन-जाणीव उलगडल्याबद्दल 2019 चं नोबेल दिलं गेलं.

या आजारात शरीरात इतरत्रही गाठी होतात. म्हणून भूल देण्याआधी एक तपासणी चुकवू नये: रक्तातले किंवा 24 तासांच्या लघवीतले मेटानेफ्रिन्स, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनसारख्या संप्रेरकांचे अवशेष. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत गाठ लपलेली असेल, तर ऑपरेशन टेबलावर रक्तदाब जीवघेणा उसळतो. ती आधी कळली तर अल्फा-ब्लॉकर हे रक्तदाब आवरणारं औषध देऊन रुग्णाला तयार करता येतं. शिवाय पूर्ण मणक्याचा एमआरआय, पोटाचा एमआरआय आणि थेंब घालून पडदा पाहणारी डोळ्यांची तपासणी. मोतीबिंदूच्या शिबिरातली धावती नजर इथे कामाची नाही.

2021 साली अमेरिकेत या आजारासाठी बेल्झुटिफॅन या गोळीला मान्यता मिळाली, दिवसाला 120 मिलिग्रॅम. ती एचआयएफलाच अडवते. रक्त वाढवणारं संप्रेरकही त्यावरच चालत असल्याने हिमोग्लोबिन उतरतं. गरोदरपणात ती घातक.

राहिलं घर. प्रत्येक अपत्याला हा बिघाड मिळण्याची शक्यता निम्मी. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा वंशावळ लिहून घ्यावी: तरुणपणी कोणाची नजर गेली, मूत्रपिंडाचा कॅन्सर कोणाला झाला, ‘बीपीने’ अचानक कोण गेलं. जनुक-तपासणीला काही मिलिलिटर रक्त पुरतं. मात्र नुसत्या सिक्वेन्सिंगवर, म्हणजे जनुकाची अक्षरं वाचण्यावर, थांबू नये. जनुकाचा मोठा तुकडाच गळलेला असेल तर तो एमएलपीए चाचणीत सापडतो. रुग्णातला बिघाड नेमका कळला की नातेवाइकांत तेवढाच शोधायचा. ज्याच्यात तो नाही, त्याला दर दोन वर्षांच्या एमआरआयची गरज नाही.