सेन्सर स्वतःचंच तापमान सांगतो

मे २०२४ आठवतोय ना? २९ तारखेला दिल्लीच्या मुंगेशपूरला ५२.९ डिग्री आलं, टीव्हीवर नुसता कल्ला, आणि लगेच पाठोपाठ आपल्या नागपुरातल्या एका ऑटोमॅटिक स्टेशनने थेट ५६ दाखवलं. हवामान खात्याने तपासलं तर मुंगेशपूरचा सेन्सर ३ डिग्री जास्त दाखवत होता, नागपूरचाही सेन्सरच बिघडलेला. खात्याची ही गत, तर आपल्या गच्चीवरच्या स्वस्तातल्या सेन्सरची काय कथा.

मुळात सेन्सरला हवेचं तापमान कळतच नाही, त्याला फक्त स्वतःचं कळतं. ऊन लागलं, गरम भिंत टेकली, की तो तेच सांगणार. म्हणून तर वेधशाळेत थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या पेटीत ठेवतात, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंच, वारा खेळता राहील असा.

मी शहाणपणा करून डीएस१८बी२० हा सेन्सर वायफाय बोर्डासकट एकाच प्लास्टिकच्या डब्यात कोंबला होता, भिंतीवरचं थर्मामीटर २७ म्हणतंय आणि माझं यंत्र ३१, आठवडाभर कोडमध्ये चूक शोधत बसलो आणि शेवटी डब्याला हात लावला तर तो चांगलाच कोमट. वायर हातभर लांब केली, सेन्सर बाहेर काढला, मिटलं. (चालू केल्या केल्या ८५ दिसलं तर घाबरू नका, तो त्याचा सुरुवातीचा ठरलेला आकडा असतो, पहिलं खरं रीडिंग यायला पाऊण सेकंद द्या.) आणि स्क्रीनवर २७.०६ बघून हुरळून जाऊ नका, दशांश कितीही दिसले तरी कंपनी अर्ध्या डिग्रीपलीकडची हमी देत नाही.

एलएम३५ या दुसऱ्या स्वस्त सेन्सरवाल्यांचं दुखणं वेगळं. तो डिग्रीला १० मिलिव्होल्ट देतो, आणि ते व्होल्टेज वाचणारा आर्डुइनो उनो हा छोटा बोर्ड ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो म्हणजे एक पायरीच जवळपास अर्ध्या डिग्रीची. त्यात यूएसबीतून ४.८ व्होल्टच येत असतील आणि कोड ५ धरून बसला असेल तर ३० चे सरळ सव्वाएकतीस होतात. बोर्डातलाच १.१ व्होल्टचा रेफरन्स (म्हणजे मोजमापासाठी धरायचं ठरलेलं व्होल्टेज) वापरा, पण तो नक्की किती आहे ते एकदा मल्टिमीटरने मोजून कोडमध्ये टाका.

तपासणी मात्र स्वयंपाकघरात होते. वॉटरप्रूफ प्रोब (म्हणजे पाण्यात बुडवता येणारा, वायरच्या टोकाचा सेन्सर) घ्या, ग्लासभर बर्फाचा चुरा करा, पाणी फक्त फटी भरण्यापुरतं, ढवळत राहा, ० यायला पाहिजे. पाण्यात चार खडे तरंगवून भागत नाही, कारण ४ डिग्रीचं पाणी सगळ्यात जड, ते तळाला जाऊन बसतं आणि प्रोब नेमका तिथेच टेकतो. दुसरं टोक उकळत्या पाण्याचं. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं, त्यामुळे पुण्यात कोणाचा सेन्सर बरोब्बर १०० दाखवत असेल तर तो दोनेक डिग्री पुढेच चाललाय.