आजोबांची दुनळी नावावर करताना: गोव्यातली प्रक्रिया, कागद आणि पहिला बार

खुंटीला टांगलेली दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, शंभर वर्षांची आहे म्हणून तिला परवाना लागत नाही, हा समज आधी काढून टाका. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुनाट हत्यारांना सूट आहे खरी, पण हत्यार दुरुस्त करूनही उडणार नसेल तरच. घोडा पडतो आणि नळ्या मोकळ्या आहेत, तर ती बंदूकच. पोर्तुगीज काळातला कागद जपून ठेवा, मात्र परवान्याच्या जागी तो चालत नाही.

परवानाधारक वारला की अर्जाआधी बंदूक आणि काडतुसं जवळच्या पोलीस स्थानकात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची. वर्षश्राद्धापर्यंत कपाटात राहिली, तर ती वारसाकडे विनापरवाना सापडलेली बंदूक ठरते. पावतीवर बनावट, बोर (नळीच्या रुंदीचं माप; आकडा मोठा तितकी नळी अरुंद), नळीची लांबी आणि नंबर लिहून घ्या. अर्ज अडतात ते बहुतेक या नंबरापायी. खरा नंबर चापाच्या कडीच्या शेपटीवर किंवा नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर असतो. जुन्या परवान्यात कोणीतरी पेटंटचा आकडा किंवा नुसतं बोरचं १२ लिहून ठेवलेलं असतं. तफावत दिसली तर अर्जातच सांगा, पोलीस पडताळणीत ती निघतेच.

शस्त्र नियम २०१६ मधल्या नियम २५ खाली वारसाला परवाना मिळतो. धारक हयात असतानाही, त्याला ७० वर्षं झाली किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं राहिली, यातलं जे आधी घडेल तेव्हा तो वारस नेमू शकतो. हा मार्ग कितीतरी सोपा, कारण सही करणारा माणूस समोर असतो. अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका नावावर दोनच बंदुका राहतात, वारशाने आलेलीही त्यातच धरतात.

वारस ठरवायला गोव्यात सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण हे नोंदवणारा दस्त, लागतं; ते स्पेशल नोटरी या सरकारी अधिकाऱ्यापुढे होतं. शिवाय इतर वारसांची ना-हरकत पत्रं. इथे नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक, म्हणून आईची सही आधी घ्या आणि सुना-जावयांच्याही घेऊन ठेवा. बाकी कागद नेहमीचे: फॉर्म ए-१ (परवान्याचा अर्ज), पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे चार फोटो, ओळख, जन्मतारीख व पत्त्याचे पुरावे, शारीरिक-मानसिक आरोग्याचा दाखला, हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, बंदूक सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र. अर्ज ऑनलाइन भरायचा. निर्णय जिल्हादंडाधिकाऱ्यांचा, उत्तरेचा पणजीत, दक्षिणेचा मडगावात.

आता गोव्यातली खास अडचण. वन्यजीव कायदा १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा परवाना देता येत नाही. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला ही नावं लगेच आठवतात. चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य मात्र मांडवीपलीकडेच आहे, त्यामुळे पणजीकरही याच फेऱ्यात येतो. आणि परवाना हातात आला म्हणून रानडुकरावर बार टाकता येत नाही. शिकारीला बंदी आहे. लग्नात हवेत बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

बंदूक घरी आली तरी पहिलं काडतूस भरण्याआधी ती परवानाधारक कारागिराला दाखवा. वेल्डिंगवाल्याकडे नको, आणि नळी कापून आखूड करणं तर गुन्हाच. नळ्यांवर वळणावळणाची नक्षी असेल तर त्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या दमास्कस नळ्या. बहुतेक जुन्या काळ्या बंदुकीच्या दारूसाठीच्या. आतून चकचकीत दिसल्या तरी जोडात गंज असू शकतो. नळ्या उतरवून दोरीला टांगा, नखाने टिचकी मारा. घंटेसारखा सूर लांबला तर ठीक, बद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधली जोडपट्टी सुटत आली आहे.

मग काडतुसाचं घर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तो भाग, मोजून घ्या. जुनं घर बहुधा ६५ मिलिमीटरचं, बाजारातलं काडतूस ७० चं. ते आत सहज सरकतं, कारण छापलेली लांबी बार झाल्यावर उघडलेल्या तोंडासकट असते. उडताना ते तोंड घरापुढच्या अरुंद भागात उघडतं आणि दाब वाढतो. २० बोरचं काडतूस १२ च्या घरात तर कधीच नको: ते पुढे सरकून अडकतं, मागून दुसरं भरलं जातं आणि नळी फुटते. म्हणूनच २० ची काडतुसं पिवळी असतात.

पावसाळ्यानंतर नळ्यांतून उजेडाकडे पाहा. कुंभारमाशी आत मातीचं घर बांधते आणि तेवढा गोळाही नळी फोडायला पुरतो.