रानवाटांवरील श्रमदान: अमेरिकेतील ऑफ-रोड दुचाकीस्वार वाटांच्या देखभालीकडे कसे वळले

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत डोंगरांवरचा बर्फ वितळू लागला की डर्ट बाइक चालवणाऱ्यांचे क्लब आपल्या सभासदांना श्रमदानाचे आवाहन करतात. हिवाळ्यात वाटेवर आडवी पडलेली झाडे कापून बाजूला करणे, साचलेले पाणी वाटेबाहेर काढून देणे आणि फुटलेल्या कडा सावरणे अशी ही कामे असतात. आवाहनाची भाषा बहुधा सेवाभावाची असते. पण या प्रथेची मुळे सेवाभावापेक्षा धास्तीत अधिक आहेत, असे तिचा इतिहास पाहिल्यावर म्हणावे लागते. जी वाट बिघडेल ती बंद होईल आणि जी बंद होईल ती सहसा पुन्हा उघडणार नाही, ही ती धास्ती. ती निराधार नव्हती.

१९६०च्या दशकापर्यंत सरकारी जमिनीवर मोटरसायकल कुठे न्यावी आणि कुठे नेऊ नये, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नव्हते. राष्ट्रीय वने सांभाळणाऱ्या फॉरेस्ट सर्व्हिस या संघराज्य खात्याकडे आज सुमारे ७.८ कोटी हेक्टर जमीन आहे, तर इतर सरकारी जमिनी पाहणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे त्याहूनही अधिक, आणि त्यातला मोठा भाग पश्चिमेतील ओसाड वाटणारी माळराने, वाळवंटे आणि डोंगरउतार यांचा आहे. १९६८ मध्ये यामाहाची डीटी-१ अमेरिकन बाजारात आली आणि कच्च्या वाटेवर चालणारी हलकी, स्वस्त मोटरसायकल सामान्य घरांत पोहोचली. १९७० पासून होंडाची तीन फुगीर चाकांची गाडीही दिसू लागली. कॅलिफोर्नियातील बार्स्टोपासून नेवाडातील लास वेगासपर्यंत मोहावी वाळवंटातून धावणारी शर्यत १९६७ मध्ये सुरू झाली होती. काही वर्षांतच तिच्यात हजारो स्वार एकाच वेळी सुटू लागले, आणि त्यांच्यामागे उठणारी धूळ व झुडपांतून उमटलेले चाकांचे पट्टे हे या छंदाच्या विरोधकांच्या हातातील ठळक पुरावे ठरले.

८ फेब्रुवारी १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी ११६४४ क्रमांकाचा कार्यकारी आदेश काढला. देशात अशी सुमारे ५० लाख वाहने वापरात असल्याचा अंदाज त्याच्या प्रस्तावनेतच दिलेला आहे. कोणत्या जमिनीवर आणि कोणत्या वाटांवर वाहने चालतील हे सरकारी खात्यांनी ठरवावे, आणि ते ठरवताना माती, पाणलोट व वनस्पती यांची हानी, वन्यजीवांना होणारा त्रास आणि इतर लोकांशी होणारे खटके कमीत कमी राहतील असे पाहावे, असा त्याचा गाभा होता. जिमी कार्टर यांनी १९७७ मध्ये त्यात दुरुस्ती करून, जिथे गंभीर नुकसान होत असेल तिथे वाहनांना तत्काळ मज्जाव करण्यास खात्यांना सांगितले. आजही वाट बंद करण्याविषयीचे दावे न्यायालयात जातात तेव्हा युक्तिवाद बहुधा या दोन आदेशांभोवती फिरतो.

स्वारांची पहिली प्रतिक्रिया फावडे उचलण्याची नव्हती. १९७५ पासून बार्स्टो–वेगास शर्यतीला परवानगी मिळेनाशी झाली, तेव्हा वाळवंटात निषेधाच्या बिनपरवाना फेऱ्या निघू लागल्या. १९८३ मध्ये शर्यत पुन्हा सुरू झाली खरी, परंतु त्या दशकाच्या अखेरीस ती कायमची थांबली. या निषेधाबद्दल जुन्या स्वारांमध्ये आजही अभिमानाने बोलले जाते. त्याने एक पिढी संघटित केली हे मान्य करायला हवे, पण वाटा वाचवण्याच्या कामी त्याचा फारसा उपयोग झाला नाही, असे माझे मत आहे. एखादी वाट उघडी ठेवण्यासाठी ती टिकाऊ आहे हे दाखवावे लागते, आणि ते घोषणांनी दाखवता येत नाही.

वाट नेमकी बिघडते कशी हे इथे पाहणे आवश्यक आहे, कारण श्रमदानाचे स्वरूप त्यातूनच ठरते. दुचाकीचे मागचे चाक चढावर माती मागे फेकते आणि ओल्या जमिनीत अरुंद, खोल चाकोरी पाडते. नुकसानीची सुरुवात चाकाने होत असली तरी बहुतेक वेळा ते वाढवते पाणी. वाट सरळ उतारावरून खाली आलेली असेल, तर पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी त्या चाकोरीतच शिरते, वेग घेते, माती वाहून नेते आणि काही मोसमांत तिथे गुडघाभर घळ तयार होते. मग स्वार घळ टाळून शेजारून जातात, दुसरी चाकोरी पडते, आणि एका वाटेच्या तीन वाटा होतात. वाहून गेलेली माती खालच्या ओढ्यात जाऊन बसते व तिथे माशांच्या अंड्यांवर साचते. म्हणूनच वाटेचा प्रश्न पुढे पाण्याच्या कायद्यांपर्यंत पोहोचला.

उपाय जुने आणि साधे आहेत. वाट डोंगराच्या उताराला आडवी न्यावी. तिचा स्वतःचा चढ बाजूच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवावा. पृष्ठभाग बाहेरच्या कडेकडे किंचित कलता ठेवावा, म्हणजे पाणी वाटेवरून धावण्याऐवजी तिला ओलांडून जाते. पायी चालणाऱ्यांच्या वाटेवर पाणी वळवण्यासाठी आडवे ओंडके पुरतात, पण मोटरसायकलच्या चाकाखाली ते उखडतात आणि ओले असताना घसरवतात. म्हणून दुचाकींच्या वाटेवर लांबट, सौम्य खोलगट भाग मातीतच घडवले जातात, ज्यांना तिकडे रोलिंग डिप म्हणतात. हे खोलगट भाग दरवर्षी गाळाने भरतात, तो गाळ उपसण्याचे काम कोणाला तरी करावे लागते, आणि यंत्र पोहोचत नसेल तिथे ते हातानेच करावे लागते.

त्या हातांना कायद्याचा आधार निक्सन यांच्या आदेशानंतर सुमारे तीन महिन्यांतच मिळाला होता, जरी दोन्हींचा परस्परांशी थेट संबंध नव्हता. १८ मे १९७२च्या राष्ट्रीय वनांतील स्वयंसेवकांच्या कायद्याने फॉरेस्ट सर्व्हिसला विनावेतन काम स्वीकारण्याची मुभा दिली. त्यातली सर्वांत मोलाची तरतूद सहसा दुर्लक्षित राहते. स्वयंसेवक सरकारी नोकर मानला जात नाही, मात्र कामावर इजा झाल्यास भरपाईपुरता, आणि त्याच्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाल्यास उत्तरदायित्वापुरता, तो नोकरासारखाच धरला जातो. करवत हातात घेऊन दरीच्या कडेला उभ्या राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही तरतूद प्रशस्तिपत्रापेक्षा फार महत्त्वाची आहे.

दुसरा आधार पैशाचा होता. कॅलिफोर्नियाने १९७१ मध्येच कायदा करून ऑफ-रोड वाहनांच्या नोंदणीचे शुल्क आणि त्यांच्या इंधनावरील कराचा वाटा याच कामाकडे वळवण्याची पद्धत सुरू केली. संघराज्य पातळीवर हीच कल्पना १९९१ मध्ये आयडाहोचे सिनेटर स्टीव्ह सिम्स यांच्या नावाने मंजूर झालेल्या कायद्यात आली. त्यातून उभ्या राहिलेल्या वाटांच्या निधीत किमान ३० टक्के मोटार वाहनांच्या वाटांसाठी, ३० टक्के बिनमोटारी वाटांसाठी आणि ४० टक्के एकाहून अधिक प्रकारच्या सामायिक वापरासाठी राखलेले असतात. अनुदानाबरोबर स्थानिक हिस्सा दाखवावा लागतो, आणि स्वयंसेवकांच्या तासांचे मूल्य त्या हिश्श्यात धरता येते. क्लबचे पदाधिकारी श्रमदानाच्या दिवशी हजेरीच्या वहीबद्दल इतके काटेकोर का असतात, याचे उत्तर इथे आहे.

याच काळात भाषाही बदलली. फॉरेस्ट सर्व्हिसने १९८५ मध्ये ‘ट्रेड लाइटली’ नावाची जबाबदार वाहनवापराची मोहीम सुरू केली आणि १९९० मध्ये ती स्वतंत्र संस्था झाली. सॅन फ्रान्सिस्को परिसरात माउंटन सायकलींना वाटा बंद होऊ लागल्या, तेव्हा कॅलिफोर्नियातील क्लबांनी १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना उभारली. वाटांच्या बांधणीत प्रावीण्य मिळवून प्रवेश टिकवण्याचा मार्ग त्या सायकलस्वारांनी मोटरसायकलवाल्यांपेक्षा लवकर ओळखला, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

निर्णायक वळण २००५ मध्ये आले. त्याआधी दोन वर्षे फॉरेस्ट सर्व्हिसचे तत्कालीन प्रमुख डेल बॉसवर्थ यांनी राष्ट्रीय वनांपुढील चार धोक्यांत अनियंत्रित पर्यटनाची गणना केली होती. १९७२ मधील ५० लाखांवरून २००० पर्यंत ३.६ कोटी अशी वाढ खाते तेव्हा सांगत असे. यातला पहिला आकडा वाहनांचा आणि दुसरा माणसांचा दिसतो, त्यामुळे ही तुलना जपूनच वापरावी, पण वाढ प्रचंड होती यात शंका नाही. नोव्हेंबर २००५च्या नियमाने प्रत्येक राष्ट्रीय वनाला मोटार वाहनांचे रस्ते व वाटा निश्चित करून नकाशा प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. तो नकाशा प्रसिद्ध झाल्यावर त्यावर नसलेल्या वाटेने मोटार वाहन नेणे बेकायदा ठरले. नकाशावर रेष आणण्याच्या चर्चेत तिची देखभाल कोण करणार हा प्रश्न हमखास निघत असे, आणि जिथे क्लबने ती जबाबदारी लेखी स्वीकारली तिथे त्याच्या म्हणण्याला वजन आले.

सिएरा नेवाडातील रुबिकॉन ट्रेल हे याचे चांगले उदाहरण आहे. जॉर्जटाउनकडून लेक टाहोच्या दिशेने जाणारी ही खडकाळ वाट मुख्यतः जीपवाल्यांची, आणि तिच्यावरील जीपयात्रा १९५३ पासून चालू आहे. २००४ मध्ये तिच्याजवळील स्पायडर लेकचा परिसर मानवी विष्ठेच्या घाणीमुळे बंद करावा लागला. २००९ मध्ये पाणी नियंत्रण मंडळाने धुपून जाणारा गाळ व सांडलेले तेल यांबद्दल एल डोराडो काउंटी (तिथले जिल्हा प्रशासन) आणि फॉरेस्ट सर्व्हिस यांना दुरुस्तीचा आदेश दिला. वाट कायमची जाणार अशी लक्षणे असताना स्वयंसेवकांनी काउंटीबरोबर काम केले, पाणी काढून देणाऱ्या रचना बांधल्या आणि शौचाची पिशवी बरोबर नेण्याचा आग्रह धरला. वाट आजही चालू आहे.

तरीही श्रमदान वाढण्याचे स्वारांच्या धास्तीइतकेच, किंबहुना अधिक, कारण खात्याच्या रिकाम्या तिजोरीत होते. सरकारी लेखातपासणी कार्यालयाच्या २०१३च्या अहवालानुसार फॉरेस्ट सर्व्हिसच्या सुमारे २,५४,००० किलोमीटर वाटांपैकी जेमतेम चौथा हिस्सा खात्याच्या स्वतःच्या निकषांना उतरत होता, आणि तुंबलेल्या देखभालीचा खर्च ३१.४ कोटी डॉलर होता. दुसरीकडे वणव्यांवरचा खर्च १९९५ मधील १६ टक्क्यांवरून २०१५ मध्ये अंदाजपत्रकाच्या निम्म्यावर गेला होता. २०१६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, केलेल्या कायद्याने वाटांवरील स्वयंसेवक व भागीदारांचे काम पाच वर्षांत दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवले. नवा पैसा मात्र त्यात जवळजवळ नव्हता. तो आला २०२० मध्ये, सरकारी जमिनींच्या तुंबलेल्या दुरुस्त्यांसाठी वर्षाला १.९ अब्ज डॉलरपर्यंत तरतूद करणाऱ्या कायद्याने, ज्यातील १५ टक्के हिस्सा फॉरेस्ट सर्व्हिसचा होता.

दुचाकीस्वारांचा या कामातला विशेष उपयोग अंतराशी निगडित आहे. १९६४च्या कायद्याने संरक्षित केलेल्या निर्जन क्षेत्रांत इंजिनाला मनाई असल्यामुळे तिथे खेचरे आणि दोन माणसांनी ओढायची करवत हेच साधन उरते. त्या क्षेत्रांबाहेर, पाठीवर किंवा हँडलजवळ चेनसॉ (इंजिनावर चालणारी करवत) बांधलेले दोन-तीन स्वार एका दिवसात पायी तुकडीपेक्षा कितीतरी लांब पल्ला मोकळा करतात, आणि त्याचा लाभ पायी चालणारे व घोडेस्वारही घेतात. पर्यावरणवाद्यांचा आक्षेप असा की, चुकीच्या जागी पडलेली वाट कितीही श्रमदानाने बरोबर होत नाही. तो रास्त आहे. अशी वाट बंद करून तिच्यावर फांद्या व दगड पसरणे हेही श्रमदानच असते, पण त्या दिवशी क्लबचे सभासद कमी जमतात.

शिवाय उत्साहाने फावडे घेऊन जाता येत नाही. लेखी करार, कामाची जागा दाखवणारा कर्मचारी आणि चेनसॉ चालवणाऱ्याला खात्याचे प्रमाणपत्र यांशिवाय केलेले काम हा गुन्हा ठरू शकतो. २०२५च्या फेब्रुवारीत फॉरेस्ट सर्व्हिसमधील हजारो परिवीक्षाधीन कर्मचाऱ्यांना काढले गेले. त्यांत वाटांवर काम करणारे होते, आणि त्यांपैकी अनेकांना नंतर परत घेण्यात आले. त्या आठवड्यांत मदतीला तयार असलेले लोक होते, परंतु करारांवर सही करणारे, करवतीची परीक्षा घेणारे आणि कोणती घळ आधी भरायची हे सांगणारे अधिकारी कित्येक कार्यालयांत कमी पडत होते.