पबमधलं मशीन आणि चिप्सच्या दुकानातली क्रेन: परवाना नेमका कुठे लागत नाही?

ब्रिटनमध्ये पबच्या कोपऱ्यातलं, जिंकल्यावर पैसे देणारं जुगाराचं मशीन आणि चिप्सच्या दुकानातली खेळणी उचलणारी क्रेन, दोन्हींबद्दल ‘याला वेगळं लायसन्स लागत नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. पबच्या बाबतीत ते अर्धं खरं आहे. क्रेनच्या बाबतीत बहुतेक वेळा साफ खोटं.

इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडला लागू असलेल्या २००५ च्या गॅम्बलिंग अ‍ॅक्टचं कलम २८२ पबला ‘सी’ किंवा ‘डी’ वर्गाची (डावाची किंमत आणि बक्षीस यांच्या मर्यादेवरून कायद्याने पाडलेले वर्ग) मिळून दोन मशीन ठेवू देतं. ही सूट दारूच्या परवान्याला चिकटलेली असते. दारू तिथेच बसून प्यायची परवानगी हवी, ग्राहकांना दारू देणारा बार हवा आणि ‘जेवणासोबतच दारू’ अशी अट नसावी. लंडन-लेस्टरात रेस्टॉरंट काढणारी आपली मंडळी नेमकी इथेच अडकतात: दारूचं लायसन्स असतं, पण जेवणाच्या अटीसकट. मग हक्क नाही.

हक्क असला तरी स्थानिक परवाना कार्यालयाला लेखी कळवून ५० पौंड भरावे लागतात. पबचं लायसन्स दुसऱ्याच्या नावावर गेलं की नव्या माणसाने पुन्हा कळवायचं. हे हमखास राहून जातं. ‘सी’ मशीनवर एका डावाला जास्तीत जास्त १ पौंड, बक्षीस १०० पौंडांपर्यंत आणि खेळणारा १८ वर्षांचा हवा. त्यामुळे ते बारवरून दिसेल असं ठेवा, टॉयलेटकडच्या बोळात नको. तिसरं मशीन हवं असेल तर रीतसर परमिट.

खरी मोकळीक आहे ती कलम २४८ आणि २४९ मध्ये. मशीन बक्षीसच देत नसेल, किंवा बक्षिसाची किंमत खेळणाऱ्याने भरलेल्या पैशांहून जास्त नसेल, तर जागेला परमिट लागत नाही. पुन्हा खेळायची संधी हे बक्षीस धरत नाहीत. मात्र काउंटरवरच्या पोराने जमलेल्या क्रेडिटचे (पुन्हा खेळायच्या डावांचे) रोख पैसे दिले, की सूट संपली.

आता क्रेन. १ पौंडात ८० पेन्सची कीचेन मिळत असेल तर ठीक. त्याच १ पौंडात ६ पौंडांचा टेडी लटकत असेल, तर ते ‘डी’ वर्गाचं मशीन झालं आणि त्याला पब किंवा परमिट असलेलं आर्केड (खेळांच्या मशीनचं केंद्र) यांसारखी जागा लागते. चिप्सचं दुकान किंवा टॅक्सी ऑफिस यांना तसं परमिट मिळतच नाही. ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ हे विकणाऱ्याचं पालुपदही टिकत नाही. पंजाची पकड किती घट्ट हे मालक सेटिंगमध्ये ठरवतो, आणि अफाट कौशल्याने नशिबाचा भाग पुसता येत असला तरी कायदा त्याला नशिबाचाच खेळ धरतो.

करातही रोख देणाऱ्या आणि बिनबक्षिसाच्या मशीनची वाट वेगळी. डावाच्या किमतीहून जास्त रोख देणाऱ्या मशीनसाठी, ते सुरू करण्याच्या किमान १४ दिवस आधी मशीन गेम्स ड्यूटीची नोंदणी करावी लागते. मशीन भाड्याचं असलं तरी ही जबाबदारी पुरवठादारावर ढकलता येत नाही. बिनबक्षिसाच्या मशीनला ही ड्यूटी नाही, पण त्याच्या कमाईवरचा व्हॅट विसरू नका.